पडक्या गढीतलं नांदतं घर

[दृश्य: खंदकाचं संथ पाणी. पलीकडे छप्पर नसलेल्या भिंती.]

इंग्लंडच्या वॉरिकशायर परगण्यातलं हे अ‍ॅस्टली कॅसल. नाव कॅसल असलं तरी ही खरं तर गढी. भोवती खंदक, आत दगडी वाडा. १२६६ मध्ये तिच्या तटावर चर्या, म्हणजे माथ्यावरचे दातेरी कठडे, बांधायला राजाची परवानगी मिळाली.

पुढे ती ग्रे घराण्याकडे आली. या घराण्याची लेक लेडी जेन ग्रे १५५३ च्या जुलैत अवघे नऊ दिवस इंग्लंडची राणी होती. पुढच्याच वर्षी तिचे वडील हेन्री ग्रे बंडात उतरले. बंड फसलं, तेव्हा ते अ‍ॅस्टलीच्याच रानात, एका झाडाच्या ढोलीत लपले होते, असं सांगतात. पण सापडले. १२ फेब्रुवारीला मुलीचा शिरच्छेद झाला, अकरा दिवसांनी बापाचा.

मालक बदलत गेले. शेवटी इथं हॉटेल होतं. १९७८ मध्ये आग लागली आणि छप्पर गेलं. मग तीसएक वर्षं पाऊस थेट भिंतींत मुरत राहिला, दगड निसटत राहिले.

वाडा होता तसा उभा करणं खर्चाच्या आवाक्यात नव्हतं. जुन्या इमारती वाचवून सुट्टीसाठी भाड्यानं देणाऱ्या लँडमार्क ट्रस्टनं वेगळी वाट धरली. विदरफर्ड वॉटसन मान या वास्तुरचनाकारांनी भग्न भिंतींच्या पोटातच नवं घर बांधलं. या घरानंच जुन्या भिंतींना आधार दिला.

[दृश्य: अगदी जवळून, दगड आणि विटांचा सांधा.]

इथं जरा थांबा. ही दगडी भिंतीची तुटकी कड. ती तासून सरळ केलेली नाही. दगड जिथं आत गेलाय तिथं वीट आत शिरलीय, दगड पुढे आलाय तिथं वीट मागे सरलीय. विटा बारीक, चपट्या. डोळे मिटून नुसता हात फिरवला, तरी जुनं कुठं संपलं ते बोटांना कळेल. मला या कामात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच. नव्या बांधकामाला जुन्याचं सोंग दिलं असतं, तर आगीची खूणच पुसली गेली असती.

घराची मांडणी उलटी आहे. निजायच्या खोल्या खाली, जाड भिंतींच्या आडोशाला. बैठक आणि स्वयंपाकघर वर, जिथं भरपूर उजेड येतो आणि भिंतीच्या मोठ्या खिंडारात बसवलेल्या काचेतून बाहेरचा सगळा परिसर दिसतो. शेजारचं चर्चही. एका वेळी आठ माणसं इथं राहू शकतात. २०१२ मध्ये घर खुलं झालं आणि २०१३ मध्ये त्याला ब्रिटनमधला वास्तुरचनेचा सर्वांत मानाचा स्टर्लिंग पुरस्कार मिळाला.

[दृश्य: संध्याकाळ. घराला लागून असलेलं उघडं दालन.]

सगळ्याच दालनांवर छप्पर घातलेलं नाही. काही तशीच उघडी ठेवलीत. खिडक्यांच्या दगडी चौकटी रिकाम्या आहेत, त्यांतून वारा येतो. जमिनीवर पाऊस पडतोय. आणि वर, नव्या काचेच्या आत, कुणीतरी दिवा लावलाय.