केओपुओलानी : जिची सावलीही निषिद्ध होती

प्रशांत महासागरातील हवाई द्वीपसमूहाच्या माउई बेटावर, वायलुकू येथे, १७७८ साली केओपुओलानीचा जन्म झाला. तिचे आईवडील एकाच आईची लेकरे होती. आज हे कानांना खटकते; परंतु हवाईच्या राजघराण्यांत देवांपासून चालत आलेले तेज, ज्याला तेथे ‘माना’ म्हणत, ते अशा विवाहांतून अधिक घट्ट होते, अशी दृढ श्रद्धा होती. त्यामुळे केओपुओलानीचा दर्जा इतका उच्च मानला गेला, की तिच्यासमोर येणाऱ्याने जमिनीवर पालथे पडावे, असा ‘कापू’, म्हणजे धार्मिक निर्बंध, पाळला जाई आणि तो मोडणाऱ्यास मृत्युदंड होई. तिची सावली कोणावर पडून त्याचा जीव जाऊ नये, म्हणून तरुणपणी ती बहुधा सायंकाळीच बाहेर पडत असे. जिला देवासमान मानले जाई, तिच्या वाट्याला दिवसाचा उजेडही मोकळेपणाने आला नाही.

१७८२ मध्ये मोकुओहाईच्या लढाईत हवाई बेटावरील सरदार कामेहामेहा याच्या सैन्याने तिच्या वडिलांना ठार केले. १७९० मध्ये त्याच कामेहामेहाने माउईच्या सैन्याचा इआओ खोऱ्यात पाडाव केला. तेव्हा मृतदेहांनी ओढ्याचे पाणी अडले, असे सांगतात. पराभवानंतर मोलोकाई बेटावर आश्रय घेतलेल्या तिच्या आजीने, कालोलाने, मृत्युशय्येवर नातीला विजेत्याच्या स्वाधीन केले. पुढे कामेहामेहाने तिच्याशी विवाह केला. शस्त्रबळाने त्याने राज्य उभारले, पण वंशाचा मान त्याच्याहून तिचा मोठा होता, म्हणूनच त्याच्या अनेक राण्यांच्या मुलांमधून गादीचा वारस ठरला तो तिचा मुलगा लिहोलिहो.

८ मे १८१९ रोजी कामेहामेहाचे निधन झाले. त्याच्या अस्थी कोठे लपवल्या गेल्या, हे आजही कोणास ठाऊक नाही.

तोवर कापूनुसार स्त्रियांना पुरुषांसोबत जेवण्याची मनाई होती. डुकराचे मांस, केळी आणि नारळही त्यांना वर्ज्य होते. दिवंगत राजाची लाडकी राणी काआहुमानू आणि केओपुओलानी या दोघींनी हे बंधन मोडायचे ठरवले. केओपुओलानी प्रथम आपल्या धाकट्या मुलाला, काउइकेआओउलीला, शेजारी घेऊन उघडपणे जेवली. लिहोलिहोचा निर्णय होईना. अखेर नोव्हेंबरमध्ये कैलुआ येथील मेजवानीत तो पुरुषांच्या पंक्तीतून उठला आणि स्त्रियांमध्ये जाऊन जेवू लागला. ज्या कापूने केओपुओलानीला साऱ्यांच्या वर बसवले होते, तोच तिने आपल्या हातांनी मोडला, हे मला या कथेतील सर्वांत धाडसाचे कृत्य वाटते. जुन्या धर्माच्या रक्षणासाठी लिहोलिहोचा चुलतभाऊ केकुआओकालानी याने शस्त्र उचलले, पण डिसेंबरमध्ये कुआमोओच्या लढाईत तो मारला गेला.

हवाईचा जुना धर्म ख्रिस्ती धर्मप्रचारकांनी मोडला, असे अनेकदा मानले जाते. प्रत्यक्षात एप्रिल १८२० मध्ये ते कैलुआला उतरले, तेव्हा मंदिरांतील मूर्तींची होळी होऊन काही महिने लोटले होते.