बोलविता धनी

एप्रिल २०११. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याची सिनेट समिती. समोर साक्षीला एक ज्येष्ठ डॉक्टर, भाजलेल्या रुग्णांवर उपचार करण्यात हयात घालवलेले. ते एका सात आठवड्यांच्या मुलीची हकिकत सांगतात. ती उशीवर झोपली होती. त्या उशीत आगरोधक रसायन नव्हतं. मेणबत्तीनं आग लागली, मुलीचं अर्धं अंग भाजलं आणि तीन आठवडे हाल सोसून ती गेली. बाळ केवढं होतं हे दाखवायला डॉक्टर हात पुढे धरतात. एवढंसं.

समितीपुढे होतं ते विधेयक फर्निचरमधली आगरोधक रसायनं कमी करायला वाट देणारं होतं. ते समितीतच पडलं.

पुढच्या वर्षी ‘शिकागो ट्रिब्यून’च्या पत्रकारांनी त्या मुलीचा शोध घेतला. मेणबत्तीनं भाजलेलं, अशा उशीवर झोपलेलं असं बाळ कुठल्याच नोंदीत सापडलं नाही. डॉक्टरांच्या याआधीच्या साक्षींमध्येही बाळ होतं, मेणबत्ती होती, फक्त बाळाचं वय निराळं होतं. डॉक्टरांचं उत्तर होतं, मी शपथेवर बोलत नव्हतो.

त्यांना साक्षीला आणणाऱ्या संघटनेचं नाव होतं ‘सिटिझन्स फॉर फायर सेफ्टी’. आगीपासून माणसं वाचावीत म्हणून एकत्र आलेले नागरिक, असंच कुणालाही वाटावं. अग्निशमन दलाचे जवान, डॉक्टर, शिक्षक आमच्यासोबत आहेत, असं ही संघटना स्वतःबद्दल सांगत असे. प्रत्यक्षात तिचे सभासद तीनच होते: अल्बमार्ल, केम्टुरा आणि आयसीएल. तिन्ही आगरोधक रसायनं बनवणाऱ्या कंपन्या.

पण ही रसायनं सोफ्यात शिरली कशी, हे समजून घ्यायचं तर आधी सिगारेटकडे बघावं लागेल. पेटती सिगारेट गादीवर किंवा सोफ्यावर पडून माणसं होरपळत होती. आपोआप विझणारी सिगारेट बनवा, अशी मागणी जोर धरत होती. तंबाखू कंपन्यांना ते नको होतं. मग दोष फर्निचरवर ढकलला गेला. तंबाखू उद्योगाच्या संघटनेत मोठ्या पदावर राहिलेल्या एका माणसानं राज्याराज्यांतल्या अग्निशमन प्रमुखांची राष्ट्रीय संघटना उभी करायला मदत केली, आणि त्या प्रतिष्ठित मंडळींकडून बोलणं सुरू झालं ते सोफ्याबद्दल.

फर्निचरबद्दलचा कॅलिफोर्नियाचा नियम त्याआधीचाच, १९७५ चा. आतला फोम छोट्या ज्योतीसमोर १२ सेकंद टिकला पाहिजे. एवढी मोठी बाजारपेठ सोडणं उत्पादकांना परवडणारं नव्हतं, म्हणून तसाच फोम देशभर गेला. मोठ्या सोफ्यात जवळजवळ किलोभर रसायन. ते फोममध्ये घट्ट बसून राहत नाही, धुळीत मिसळतं. जमिनीवर रांगणारं मूल हात तोंडात घालतं, आणि ते रसायन त्याच्या रक्तात जातं. बरं, आगीपासून तरी बचाव? खऱ्या आगीत आधी पेटतं ते वरचं कापड. तोवर ज्वाळा इतकी मोठी झालेली असते की फोममधलं रसायन तिच्यापुढे टिकत नाही. त्या मुलीची कहाणी सांगून वाचवला जात होता तो हा नियम. २०१३ मध्ये तो बदलला.

आता वॉशिंग्टनमधली एक बैठक. मे २००९. बीपीए हे रसायन खाद्यपदार्थांच्या डब्यांच्या आतल्या लेपात वापरलं जातं, आणि त्यावर बंदीची चर्चा चालू होती. बैठकीला जमलेल्या उद्योगाच्या प्रतिनिधींची टिपणं पुढे पत्रकारांच्या हाती लागली. आपली बाजू मांडायला सगळ्यात उत्तम प्रवक्ता कोण, याचं त्यातलं उत्तर होतं: देशभर फिरून बीपीएचे फायदे सांगायला तयार असलेली, गरोदर, तरुण आई. मला हे टिपण विसरता येत नाही. ज्या पोटातल्या बाळाची काळजी करायची, तेच ढालीसारखं पुढे करायचं, असा हा विचार होता.

लोकांसमोर चेहरा उसना घेता येतो. सरकारसमोर मात्र आकडा लागतो, आणि आकडाही मिळवता येतो. अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात पार्कर्सबर्गजवळ ड्युपाँट या रसायन कंपनीचा कारखाना होता. टेफ्लॉन बनवताना तिथे सी-८ नावाचं रसायन वापरलं जाई. १९८१ मध्ये कंपनीनं त्या विभागात काम केलेल्या स्त्रियांची बाळंतपणं तपासली. सात बाळांपैकी दोघांच्या डोळ्यांत दोष. १९८४ मध्ये आसपासच्या गावांच्या नळाच्या पाण्यातही सी-८ सापडलं. गावकऱ्यांना कुणी सांगितलं नाही.

१९९१ मध्ये कंपनीनं स्वतःपुरती पिण्याच्या पाण्यातली सुरक्षित मर्यादा ठरवली: एक अब्ज भागांत १ भाग. पुढे एका शेतकऱ्याची गुरं पटापट मरू लागली, त्यानं वकील गाठला, दावा लागला, आणि राज्य सरकारनं पाण्यासाठी मर्यादा ठरवायला तज्ज्ञांची समिती नेमली. समितीत कंपनीचेही शास्त्रज्ञ बसले. २००२ मध्ये त्यांनी मर्यादा जाहीर केली: १५०. कंपनीच्या स्वतःच्या कागदावर १, आणि लोकांसाठी १५०. २०२४ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय पर्यावरण संस्थेनं हीच मर्यादा एक हजार अब्ज भागांत ४ भाग केली, म्हणजे त्या १५० च्या साधारण ३७ हजारावा हिस्सा.

हे सगळं आपल्याला कळलं, कारण वकिलानं कोर्टामार्फत कागद मागवले. लाखाच्या वर पानं आली. जमिनीवर खोके मांडून त्यानं ती तारखेप्रमाणे लावली.

विज्ञानात तर थेट सहीच उसनी मिळते. ग्लायफोसेट या तणनाशकावरचा एक शोधनिबंध २००० साली छापून आला. निष्कर्ष: माणसाला धोका नाही. खाली तीन शास्त्रज्ञांची नावं. पुढची पंचवीस वर्षं त्याचा आधार दिला गेला. मग कॅन्सर झालेल्या लोकांनी हे तणनाशक बनवणाऱ्या मोन्सँटो कंपनीवर दावे लावले आणि २०१७ मध्ये कंपनीच्या ईमेल बाहेर आल्या. त्यातली एक २०१५ ची. नव्या निबंधाबद्दल कंपनीचा अधिकारी लिहितो की लिखाण आपणच करू म्हणजे खर्च वाचेल, शास्त्रज्ञ जरा हात फिरवून सह्या करतील. आणि पुढे आठवण करून देतो, २००० च्या त्या निबंधाच्या वेळी आपण असंच केलं होतं.

त्या ईमेलनंतरही निबंध आठ वर्षं जागेवर राहिला. २०२५ च्या अखेरीला नियतकालिकानं तो मागे घेतला. तोवर तिघांपैकी एकच लेखक हयात होता. संपादकांनी त्याच्याकडे खुलासा मागितला. उत्तर आलं नाही.