आधी पाय पाय!

(मंडळाच्या गणेशोत्सव मेळाव्यातील भाषण, थोडे संपादित)

मंडळी, नमस्कार. मी लोणारजवळच्या खेड्यातला. गाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "म्हणजे ती उल्का पडली तिथलेच का?" हो, तिथलेच. विवराचा व्यास जवळपास १.८ किलोमीटर. पण आज मला विवरातलं नाही, वर लोणार गावात असलेल्या दैत्यसूदनाच्या, म्हणजे विष्णूच्या, मंदिराबद्दल बोलायचंय.

लहानपणी आज्यासोबत पहिल्यांदा गेलो, तेव्हा मान वर करून कळस शोधत होतो. आजा म्हणाला, "वर काय पायतं लेका? वर काई नाई. आधी पाय पाय!" पुणेकरांसाठी सांगतो, दुसरं 'पाय' म्हणजे पाहा.

खरंच, त्या मंदिराला आज शिखर नाही. गंमत आहे ती जोत्यात. आज्यानं धांड्यानं मातीत चौकोन काढला. मग मधला बिंदू तोच ठेवून चौकोन थोडा फिरवला, पुन्हा काढला, पुन्हा फिरवला. आतल्या रेघा पायानं पुसल्या आणि फक्त बाहेरचे कोपरे ठेवले. झाली चांदणी! मंदिराचा आराखडा असाच आहे. जोत्यात जे कोपरे निघतात, तेच भिंतीतून वर चढतात. एकही बाजू सपाट नसल्यानं ऊन सरकतं तशी सावली कोपऱ्याकोपऱ्यांतून सरकते, आणि सकाळी पाहिलेली भिंत संध्याकाळी वेगळीच वाटते.

अशा जुन्या दगडी देवळांना आपण सरसकट 'हेमाडपंती' म्हणून मोकळे होतो. हेमाद्री, म्हणजेच हेमाडपंत, देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र यादवांचा मंत्री, तेराव्या शतकातला. त्याच्या जन्माआधीची देवळंही आपण त्याच्या नावावर चढवलीत! दगड मात्र इथलाच, काळा बेसाल्ट. उल्केनं फोडला तोही बेसाल्टच. तो किती चिवट असतो, हे आमच्याकडे विहीर खोदणाऱ्याला विचारा.

आत सभामंडप, मग अंतराळ, म्हणजे मंडप आणि गाभारा यांच्यामधली छोटी जागा, आणि मग गाभारा. गाभाऱ्यात इतका अंधार की छतावरचं कोरीव काम बघायला बॅटरी लागते. आणि विष्णू उभा आहे तो लवणासुराच्या अंगावर. कथा अशी की, हा दैत्य जमिनीखाली दडून बसला होता. विष्णूनं पायाच्या अंगठ्यानं बिळाचं झाकण उडवलं आणि त्याला मारलं. ते बीळ म्हणजेच सरोवर. भूशास्त्रज्ञांचं म्हणणं वेगळं आहे, पण खड्डा वरून काहीतरी येऊन झाला, यावर दोघांचं एकमत दिसतं!

तिथून गोमुखाच्या धारेवर जा. वर गोड पाणी, आणि पायऱ्या उतरून गेलं की खारं सरोवर.

सुट्टीत गेलात तर दर्शनाची घाई करू नका. आधी बाहेरून कोपरे मोजत एक फेरी मारा. मात्र मे महिन्यात जाणार असाल तर सकाळी लवकर जा. चपला बाहेर असतात, आणि दुपारी तो दगड असा पोळतो की कोपरे मोजायचे राहतात, माणूस पळतच प्रदक्षिणा घालतो.