गुरुवारची दुपार भजनाची

नमस्कार श्रोतेहो.

जात्यावर दळणाऱ्या बायका आता फार थोड्या उरल्या. ते कष्ट गेले, हे चांगलंच झालं. घर जागं व्हायच्या आत उठायचं, खुंटा धरायचा, मूठमूठ दाणे घालत पायलीभर दळायचं, हे कुणाच्याही वाट्याला पुन्हा येऊ नये. पण त्या दळणाबरोबर ओवी होती. माहेर, भाऊ, विठोबा, सासुरवास, सगळं त्या अंधारात गळ्यातून बाहेर पडायचं. हेमा राईरकर, गी प्वातवाँ या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यापाड्यांतून अशा 1 लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. या बायकांना गाण्यासाठी वेगळा वेळ कुणी दिला नव्हता, कामातच तो मिसळलेला होता. गिरणी आली, दळण डब्यातून बाहेर गेलं. वाचलेला वेळ दुसऱ्या कामांनी कधीच गिळला आणि ओवी मात्र गेली ती गेलीच.

2019 साली केंद्र सरकारने लोकांचा दिवस कशात जातो याची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाईची तेव्हा त्यात रोज सरासरी 299 मिनिटं जात होती. घरकाम करणाऱ्या पुरुषाची 97. मुलांचं आणि आजाऱ्यांचं करणं यात धरलेलंच नाही. तेव्हा ‘सगळं आवरलं की माझं बघू’ असं म्हणणाऱ्या बाईचं कधीच आवरत नाही. मला हे मनापासून खटकतं.

म्हणून मला आमच्या महिला भजनी मंडळाचं मोल वाटतं. गुरुवारी दुपारी तीनला देवळाच्या सभामंडपात सतरंजी पडते. ‘जय जय रामकृष्ण हरी’ने सुरुवात, मग देवाचं रूप वर्णणारा रूपाचा अभंग, मग जिला जो येईल तो. चुकलं तर शेजारीण सांभाळून घेते. आमच्यातल्या एका काकूंनी साठी जवळ आल्यावर पखवाज हातात घेतला. बसल्या की आधी धुमेला, म्हणजे पखवाजाच्या डाव्या तोंडाला, कणीक लावतात. पाण्याचा हात लावून सैलसर केलेला गोळा, मधोमध थापलेला, थोडा कमी, थोडा जास्त, असं करत नाद खाली आणायचा. कणीक सुकली की आवाज चढतो, की पुन्हा ओली बोटं. भजन संपलं की ती खरवडून काढायची. जन्मभर ज्या हातांनी पोळ्यांची कणीक मळली, त्याच हातांनी त्या आता कणकेतून सूर काढतात, आणि पहिली थाप नीट घुमली की त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो. गुडघे दुखतात हे त्या तासाभरात कुणालाच आठवत नाही. घरी परतल्यावर रात्रीचा स्वयंपाक चुकत नाही, पण तो करणारी बाई ताजी असते.

हे टिकतं ते दोन गोष्टींमुळे. वार आणि वेळ ठरलेली आहे, त्यामुळे घरच्यांनाही ती पाठ झाली. तीनचा चहा ज्याचा त्याने करून घ्यायचा. आणि दुसरं, एकटीचा छंद घरातल्या पहिल्या पाहुण्यासरशी पुढे ढकलला जातो. इथे मात्र टाळकरी वाट बघत असतात, न आल्यास फोन येतो. त्या फोनचा धाक मला फार गोड वाटतो.

भजनच हवं असं नाही. कुणाला भरतकाम, कुणाला टेकडी, कुणाला कॅरम. पुरुषांनाही हे लागू आहे. नाटकाच्या तालमीला ऑफिस सुटल्यावर धावणारे हौशी कलाकार आपल्याकडे गावोगाव आहेत.

तुमच्या आळीत मंडळ नसेल तर चार-पाच जणी पुरतात. पेटी नाही म्हणून थांबू नका, दोन टाळजोड असले की भजन उभं राहतं. देवळाच्या पुजाऱ्यांना किंवा सोसायटीच्या सेक्रेटरींना जागेचं विचारा, आणि घरात आजच रात्री जेवताना वार सांगून टाका. धन्यवाद.