शू... कांदा झोपलाय!

(दृश्य: पहाटेचं स्वयंपाकघर. कोपऱ्यातल्या टोपलीकडे कॅमेरा दबकत सरकतो.)

शू... आवाज करू नका. तो तिथंच आहे. टोपलीच्या तळाशी, अंगाचं मुटकुळं करून. बटाट्यांचा कळप त्याच्यापासून जरा अंतर राखून पहुडलाय. हा कांदा. शास्त्रीय नाव ॲलियम सेपा. पाय नाहीत, दात नाहीत, तरी भल्याभल्यांना ढसाढसा रडवतो.

रानात याला शोधायला जाल तर हात हलवत परत याल. याचे रानटी भाऊबंद मध्य आशियाच्या डोंगरांत आजही भेटतात, पण खुद्द हा कुठंच मोकाट आढळलेला नाही. माणसानं पाळला आणि असा पाळला, की गडी घरचा पत्ताच विसरला. म्हणजे आपण ज्याला श्वापद समजून दबकत पाहतोय, तो मुळात पाळीव. असो. झोंबतो तरी खरा.

(दृश्य: अगदी जवळून साल.)

वरचे वाळके, कागदासारखे पापुद्रे म्हणजे चिलखत. आतले रसरशीत पदर म्हणजे पानांचे फुगलेले बुडखे. वर्षाची शिदोरीच अंगाभोवती गुंडाळलेली. आणि खोड? ते तळाशी, मुळ्यांच्या जरा वर, एवढीशी चकती. पाठीचा कणा बसायच्या जागी असलेलं असं जनावर दुसरं नसावं.

दिवस पुरेसा मोठा झाला, की याचं लक्ष पानांवरून पोटाकडे वळतं. पोट भरलं की हा मान टाकतो. शेतकरी 'माना पडल्या' म्हणतात, ते याच घटनेबद्दल. इतर प्राण्यांच्या बाबतीत ही शोकवार्ता ठरली असती. इथं ती झोप लागल्याची खूण. पुढचे काही महिने स्वारी ढिम्म.

आता याचं शस्त्र. ढकला, लोळवा, पोत्यात कोंबा, हा चकार शब्द काढणार नाही. पण सुरी आत शिरली की पेशी फुटतात, आणि इतके दिवस वेगवेगळ्या खोल्यांत कोंडलेले दोघं समोरासमोर येतात: एकीकडे गंधकाची संयुगं, दुसरीकडे ॲलिनेज नावाचं विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारं एन्झाइम. त्यांच्या झटापटीतून जे निपजतं, त्यावर आणखी एक विकर हात फिरवतं आणि वायू उडतो. तो डोळ्यांपर्यंत पोचला की तिथले मज्जातंतू बोंब ठोकतात आणि अश्रू मदतीला धावतात. या दुसऱ्या विकराचा छडा जपानी संशोधकांनी लावला. २००२ मध्ये तो प्रसिद्ध झाला आणि २०१३ मध्ये त्यांना इग नोबेल मिळालं. रडवणाऱ्याचा माग काढल्याबद्दल हसवणारं पारितोषिक!

गोम अशी, की हे शस्त्र चालतं ते अंगाचे दोन तुकडे झाल्यावर. तोवर जीव वाचवायची वेळ टळलेली. कुरतडणारा एखादा जीव पहिल्याच घासाला माघार घेत असेल. माणूस मात्र नाक ओढत, बाहीनं डोळे पुसत पुढचा कांदा उचलतो. गार केलेल्या कांद्यात विकरं मंदावतात, धारदार सुरीनं पेशी कमी चिरडतात, हे त्याला ठाऊक असतं. तरी बोथट सुरी काही बदलत नाही. नाकानं कांदे सोलणाऱ्यांचं काय होतं, याचं चित्रीकरण आम्हाला जमलं नाही. कुत्र्या-मांजरांना मात्र याच्यापासून खरोखरच लांब ठेवा. हा पोटात गेला तर त्यांच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात.

(दृश्य: काळोख. दगडी शवपेटी.)

डोळ्यांशी याचं प्रकरण जुनं आहे. इजिप्तचा राजा चौथा रामसेस ख्रिस्तपूर्व १२व्या शतकात वारला. ममी करताना त्याच्या डोळ्यांच्या खोबणीत कांदे बसवले. ज्यानं डोळ्यांना छळलं, त्यालाच डोळ्यांची नोकरी. तीन हजारांहून जास्त वर्षं झाली, त्या डोळ्यांतून टिपूस नाही.

(दृश्य: पुन्हा टोपली.)

तळाशी राहिला म्हणून आपला नायक अजून वाचलाय. झोप संपलीय. अंगावरची शिदोरी खात खात त्यानं हिरवं शेपूट वर काढलंय. मातीपर्यंत पोचला, तर डेंगळा उभा राहील, वर बारीक पांढऱ्या फुलांचा चेंडू, भोवती मधमाश्या...

शू! पावलं वाजली. दिवा लागला. हात टोपलीत उतरला. शेपटापाशी थांबला...

बटाटा गेला. कळपानं हूं की चूं केलं नाही.