ओकायामा: पायाखालचं शहर

(दृश्य: ओकायामा स्टेशनबाहेरचा पूर्वेकडचा चौक. सकाळची गर्दी.)

ओसाकाहून शिंकान्सेन, म्हणजे जपानची बुलेट ट्रेन, पकडली की पाऊण तासात ओकायामा येतं. वस्ती साधारण 7 लाखांची. पुणेकरांना हे नाव परकं नाही. सिंहगड रोडवरची पु. ल. देशपांडे बाग ज्या कोराकुएन बागेवरून घडवली, ती मूळ बाग इथली. कोराकुएन देखणी आहे, नदीपलीकडचा काळा किल्लाही देखणा आहे. पण आम्ही कॅमेरा घेऊन फिरलो ते शाळेला, कामाला, बाजाराला निघालेल्या माणसांच्या मागे.

(दृश्य: चौकातला सिग्नल. मूळ आवाज, निवेदन नाही.)

हा आवाज सिग्नलचा आहे. एका दिशेने रस्ता ओलांडायची वेळ झाली की ‘कक्कू, कक्कू’. आडव्या दिशेची वेळ झाली की पिलाची चिवचिव. डोळ्यांना दिसत नसेल तरी कोणता रस्ता मोकळा झालाय, ते कानाला कळतं. आणि हे दोन्ही आवाज ऐकू येतात, कारण चौकात हॉर्न वाजत नाहीत. वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालतात, त्यामुळे रस्ता आल्या आल्या ओळखीचा वाटतो. नवल वाटतं ते या वळणावर. आजींच्या हातात काठी आहे, पिशवी आहे, चाल सावकाश आहे. गाडीवाला थांबलाय. आजी पलीकडच्या फुटपाथवर चढेपर्यंत तो जागचा हलत नाही.

(दृश्य: ट्राम येते. दार उघडतं.)

इथली ट्राम 1912 पासून धावतेय. मार्ग दोनच, मिळून 5 किलोमीटरसुद्धा भरत नाहीत. मुंबईने आपली ट्राम 1964 साली बंद केली, हे ही गाडी बघताना आठवल्याशिवाय राहत नाही. मागच्या दाराने चढायचं, उतरताना पुढे चालकाजवळच्या पेटीत भाडं टाकायचं. सुटे नसतील तर तिथेच यंत्रातून मिळतात. ही ‘मोमो’, 2002 साली आलेली खालच्या तळाची ट्राम. आत लाकडी बाकं आहेत. पण दाराकडे बघा. ट्रामचा तळ आणि थांब्याचा ओटा जवळजवळ एका पातळीत आहेत. बाबागाडी ढकलत आलेली आई न थबकता आत गेली.

शाळेची मुलं आपापली चालत निघाली आहेत. पाठीवर ते कडक चामडी दप्तर, पहिलीतल्यांच्या दप्तरावर पिवळं कव्हर. चौकात पिवळा झेंडा धरून एक आजोबा उभे आहेत.

जपानबद्दल बोलताना आपण ‘शिस्त त्यांच्या रक्तातच आहे’ असं म्हणतो आणि विषय संपवतो. ओकायामात फिरल्यावर हे उत्तर पटत नाही. इथे माणसाच्या पायाखाली काय घातलंय, ते आधी बघायला हवं.

(दृश्य: फुटपाथ, अगदी जवळून. पिवळी फरशी, बुटांचे तळवे, पांढऱ्या काठीचं टोक.)

अंध माणसांना वाट दाखवणारी 30 सेंटिमीटरची चौकोनी फरशी. वर आलेला भाग फक्त 5 मिलिमीटर. लांब पट्ट्या असतील तर त्या दिशेने चालत राहा. गोल ठिपके आले की सावध व्हा: पुढे रस्ता आहे, जिना आहे, फलाटाची कड आहे किंवा वळण आहे. काठीचं टोक पट्टीवरून सरकतंय. ठिपके लागले. काठी थांबली, मग पाय थांबले.

आज जगभर दिसणारी ही फरशी मुळात ओकायामाची आहे. सेइची मियाके हे इथले एक हॉटेलचालक. ना सरकारी अधिकारी, ना इंजिनिअर. पांढरी काठी घेतलेल्या एका माणसाला रस्ता ओलांडताना मोटार अगदी घासून गेली, ते त्यांनी पाहिलं आणि तो प्रसंग त्यांच्या डोक्यातून गेला नाही. त्यांचे मित्र हिदेयुकी इवाहाशी यांची दृष्टी गेलेली होती. शेवाळं कुठे संपतं आणि माती कुठे सुरू होते, हे बुटाच्या तळव्यातून समजतं, असं इवाहाशींनी त्यांना सांगितल्याची हकिकत आहे. तळव्याला कळतं, तर मग रस्त्यानेच पायाशी बोलावं! 1965 साली मियाकेंनी स्वतःच्या खर्चाने ही फरशी तयार केली. पहिल्या फरशांवर फक्त गोल उंचवटे होते. दिशा दाखवणाऱ्या पट्ट्या नंतर आल्या.

(दृश्य: हाराओजिमा चौक. स्मारक, मागे वाहती वाहनं.)

हा हाराओजिमा चौक. 18 मार्च 1967 रोजी अंध विद्यार्थ्यांच्या शाळेजवळ, इथे 230 फरशा बसल्या. जगातल्या पहिल्या. सुरुवातीची काही वर्षं मागणी फारशी नव्हती. मियाके मात्र गावोगावच्या नगरपालिकांना फरशा देत राहिले, तेही फुकट. 1970 मध्ये ओसाकातल्या आबिकोचो स्टेशनच्या फलाटावर त्या आल्या आणि मग रेल्वेने हे काम उचललं. आज ओकायामा स्टेशनाच्या दारातून निघालेली पिवळी रेघ जिन्यापाशी, तिकीट यंत्रापाशी, ट्रामच्या थांब्यापाशी जाते. आम्ही कॅमेरा खाली धरून तिच्या मागोमाग चाललो. वाटेत ना खांब आडवा आला, ना दुकानाची पाटी.

एका ठिकाणी सायकली आल्या, त्याही दाखवतो. या शहरात सायकली भरपूर आहेत आणि काही जण त्या नेमक्या पट्ट्यावर लावून जातात. फरशा असूनही जपानमध्ये अंध प्रवासी फलाटावरून खाली पडल्याच्या घटना घडल्या आहेत, म्हणून आता अनेक स्टेशनांत फलाटाच्या कडेला सरकती दारं बसवली जात आहेत.

(दृश्य: पुणे. मेट्रो स्टेशनातला पिवळा पट्टा, मग बाहेरचा फुटपाथ.)

ही फरशी आपल्याकडेही आली आहे. मेट्रो स्टेशनात ती नीट दिसते. बाहेर फुटपाथवर अनेक ठिकाणी ती झाडाच्या बुंध्याला, विजेच्या डीपीला नाहीतर उभ्या दुचाकीला जाऊन भिडते. तुमच्या भागातला पिवळा पट्टा कुठे सुरू होतो आणि कुठे तुटतो, ते मोबाइलवर टिपा आणि ठिकाणासकट आम्हाला पाठवा. पुढच्या भागात आम्ही त्याच पट्ट्यांवरून चालणार आहोत, पांढरी काठी वापरणाऱ्या मित्रमैत्रिणींसोबत.