आधी तारीख लिहून ठेवा

नमस्कार श्रोतेहो.

मी पशुवैद्यक आहे. गेली २२ वर्षं कुत्र्या-मांजरांचा दवाखाना चालवते आहे. आज ज्या विषयावर बोलणार आहे, त्याबद्दल लोक मला फोन करतात तेव्हा आवाज खाली येतो. घरातून उठून गॅलरीत जातात. म्हणतात, "मॅडम, जरा घोळ झालाय. शेजाऱ्यांचा कुत्रा आमच्या कुत्रीला..." आणि वाक्य तिथंच थांबतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. उलट लाजेपायी जे चार-सहा दिवस वाया जातात, ते त्या मुक्या जिवाला महागात पडतात. म्हणून कुत्र्यांच्या न ठरवता झालेल्या मीलनाबद्दल आज आपण मोकळेपणानं बोलू.

एक प्रसंग सांगते. १४ सप्टेंबरची सकाळ. गणपती नुकतेच गेले होते आणि पाऊस उघडला होता. माझ्या दवाखान्यामागच्या गल्लीत रो-हाउसेस आहेत, तिथून एक मुलगा पळत आला. जाऊन बघते तर एका अंगणात चिंगी आणि शेरा पाठीला पाठ लावून उभे होते. चिंगी ही निवृत्त शिक्षिका असलेल्या काकूंची अडीच वर्षांची लॅब्राडोर, आणि शेरा पलीकडच्या घरातला देशी कुत्रा, रस्त्यावरून उचलून आणून वाढवलेला. मधे चार फुटांची भिंत. भिंतीच्या पलीकडून काकू आणि शेराचा मालक यांची चांगलीच जुंपली होती.

"तुला दहादा सांगितलं होतं ना, त्याला बांधून ठेव म्हणून!"

"काकू, मग भिंतीला लागून विटा कुणी रचल्या?"

दोघांचंही खरं होतं. विटा काकूंच्या होत्या, आणि भिंतीच्या चुन्यावर चिखलाचे पंजे शेराचे होते. तेवढ्यात एकानं झाडू उगारला, मुलानं पाण्याची बादली उचलली. चिंगी घाबरून पुढं पळाली, शेरा मागं फरपटला आणि दोघं एकदमच किंचाळले.

इथं थोडं थांबून सांगायला हवं, कारण आपल्या गल्ल्यांमधून हे रोज घडतं. कुत्र्यांचं मीलन होताना नराच्या लिंगाचा मुळाकडचा भाग फुगतो आणि मादीच्या आत अडकून राहतो. ही निसर्गाची रचना आहे. साधारण १० ते ३० मिनिटं ते तसेच राहतात, सूज उतरली की आपोआप सुटतात. ओढून, मारून, पाणी ओतून सोडवायला गेलात तर दोघांनाही आतून इजा होते. आणि त्यानं गर्भधारणा टळत नाही, कारण शुक्रजंतू अडकण्याच्या सुरुवातीलाच आत गेलेले असतात. तेव्हा कृपा करून दगड उचलू नका, आणि दुसऱ्यानं उचललेला दिसला तर त्याचा हात धरा.

मी बादली खाली ठेवायला लावली. म्हटलं, "काकू, तुम्ही चिंगीचा पट्टा धरा. दादा, तुम्ही शेराचा. दोघांना थोडं एकमेकांकडे सरकवा, म्हणजे ताण पडणार नाही." १८ मिनिटं लागली. त्या वेळात काकू चिंगीच्या कपाळावरून हात फिरवत होत्या आणि शेराचा मालक, आत्ता भांडणारा तोच, शेराच्या कानाशी काहीतरी पुटपुटत होता. दोन्ही घरांचं आपापल्या कुत्र्यावर प्रेम आहे, हे मला तिथंच दिसलं.

सुटल्यावर मी काकूंना म्हटलं, "आधी आजची तारीख कॅलेंडरवर लिहा." त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन १४ च्या चौकोनात 'चिंगी' एवढंच लिहिलं.

तारखेला इतकं महत्त्व का? कारण पुढचं सगळं त्यावरून मोजायचं असतं. कुत्रीचा गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा. भाद्रपदात जुळलेली जोडी कार्तिकात विते, हे आपल्या गावाकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या बघत आली आहेत. रस्त्यावरच्या कुत्र्यांचा हंगाम पावसाळ्याच्या शेवटाला असतो. घरातली कुत्री मात्र कोणत्याही महिन्यात माजावर येते, साधारण सहा-सात महिन्यांनी एकदा.

आणि इथंच बहुतेक घरं फसतात. आधी आठ-नऊ दिवस लाल स्राव जातो, तेव्हा ती नराला जवळ येऊ देत नाही. मग स्राव फिकट होतो, गवताच्या काडीसारखा पिवळट. घरच्यांना वाटतं, संपलं एकदाचं, आणि ते तिला अंगणात सोडतात. खरं तर तेव्हाच ती नर घ्यायला तयार झालेली असते. शेपटी बाजूला करून उभी राहते. काकूंनीही चिंगीला त्याच सकाळी मोकळं केलं होतं, दोन दिवस फरशीवर डाग दिसला नाही म्हणून. पहिला डाग दिसल्यापासून पुरते चार आठवडे तिला नजरेआड करू नका. बाजारात मिळणारी चड्डी फरशी स्वच्छ ठेवते, त्या चड्डीनं मीलन थांबत नाही.

आता झालंच आहे, तर करायचं काय?

पहिला प्रश्न हमखास येतो तो इंजेक्शनचा. "एक इंजेक्शन देऊन टाका, सगळं साफ होईल." श्रोतेहो, पूर्वी यासाठी इस्ट्रोजेनची इंजेक्शनं सर्रास दिली जात. त्यानं हाडांच्या मगजातलं रक्त तयार होणं बंद पडू शकतं, गर्भाशयात पू होऊ शकतो. अशी एक पॉमेरेनियन मी माझ्या टेबलावर गमावली आहे. तिच्या हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या पडल्या होत्या. त्यानंतर या इंजेक्शनला मी ठाम नकार देते. माणसांच्या गर्भनिरोधक गोळ्या देऊ नका. लिंबाच्या किंवा डेटॉलच्या पाण्यानं आतून धुऊ नका. अॅग्लेप्रिस्टोनसारखी गर्भ थांबवणारी, तुलनेनं सुरक्षित औषधं आहेत, पण ती मिळतात का आणि तुमच्या कुत्रीला चालतील का, हे तपासल्यावर डॉक्टरांनीच ठरवायचं.

पुढं पिल्लं नकोच असतील, तर सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे गर्भाशय आणि अंडाशय काढण्याची शस्त्रक्रिया. ऐन माजावर तिथल्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, म्हणून आम्ही बहुतेकदा तीन-चार आठवडे थांबतो. गर्भ तेव्हा अगदी लहान असतो. काही जणांना हे मनाला लागतं, ते मी समजू शकते. पण पहिल्याच माजावरची सात-आठ महिन्यांची पोर असेल, म्हातारी असेल, पग असेल, किंवा इवलीशी मादी आणि थोराड नर असेल, तर मी स्पष्ट सांगते की तिला बाळंतपणात ढकलू नका. घरात भाऊ-बहीण एकत्र वाढत असतील तर तिथंही हेच. सहा-सात महिन्यांचा भाऊ 'अजून लहान आहे' म्हणून बिनधास्त राहू नका.

एक आजार मात्र सांगायलाच हवा. नर मोकाट फिरणारा असेल, तर मीलनातून टीव्हीटी नावाची कर्करोगाची गाठ लागू शकते. ही गाठ एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे अक्षरशः रुजते. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी जननेंद्रियाच्या जागी कोबीच्या फुलासारखं काही दिसलं, रक्ताचे थेंब पडत राहिले, तर 'पुन्हा माजावर आली' असं समजून बसू नका. वेळेत आणलं तर व्हिनक्रिस्टीनच्या इंजेक्शनांनी बहुतेक कुत्री बरी होतात.

मीलन झालं म्हणजे गर्भ राहिलाच असंही नाही. सोनोग्राफीत तो २५ ते ३० दिवसांनी नीट दिसतो. आचळं सुजली म्हणजे गाभण, असा अंदाज बांधू नका, कारण गर्भ नसतानाही माजानंतर दीड-दोन महिन्यांनी कुत्रीला दूध उतरतं, ती खेळणी पोटाशी घेऊन बसते. चिंगीला आम्ही दसरा झाल्यावर, तिसाव्या दिवशी तपासलं. पडद्यावर छोटी छोटी काळी वर्तुळं आणि प्रत्येकात लुकलुकणारा ठिपका. काकूंनी विचारलं, "ही हृदयं का हो?" मी हो म्हटलं. शेराचा मालकही सोबत आला होता, मीच बोलावलं होतं. पोटातलं चित्र दोघांनी एकत्र बघितलं की निम्मं भांडण तिथंच मिटतं, हा माझा अनुभव आहे.

चिंगी वयानं आणि तब्येतीनं ठणठणीत होती, काकूंनी पिल्लं होऊ द्यायचं ठरवलं. मग खर्चाचा प्रश्न आला. ठरवून लावलेल्या जोडीत नराच्या मालकाला एक पिल्लू देण्याची पद्धत आहे. इथं काही ठरलेलंच नव्हतं. माझं मत मी तेव्हाही दिलं, आजही देते. अशा वेळी दवाखान्याचा खर्च निम्मा-निम्मा करावा आणि घरं शोधण्याची जबाबदारीही निम्मी-निम्मी. 'आमचा तर नर आहे, आमचं काय गेलं' हे म्हणणं मला मान्य नाही. नराची नसबंदी हाही त्याच जबाबदारीचा भाग आहे, आणि ती झाल्यावरही पाच-सहा आठवडे त्याला माजावरच्या मादीपासून दूर ठेवावं लागतं.

आणि पिल्लं पोत्यात घालून मंडईत, देवळाच्या पायरीवर सोडून येऊ नका. भुकेनं तडफडतील अशा जागी जनावर सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. आठ आठवड्यांच्या आत त्यांना आईपासून तोडू नका. 'जातिवंत नाहीत, कोण घेणार?' असं विचारणाऱ्यांना मी सांगते की देशी रक्ताची पिल्लं आपल्या उन्हापावसात छान तगतात.

गाभणपणात पहिले पाच आठवडे नेहमीचंच खाणं पुरतं, मग हळूहळू दीडपट करत न्यायचं. कॅल्शियमच्या बाटल्या आपल्या मनानं पाजू नका. त्यानं शरीराची स्वतःचं कॅल्शियम वापरायची सवय मोडते आणि विल्यावर कुत्रीला झटके येऊ शकतात. पंचावन्नाव्या दिवसाच्या सुमारास एक्स-रे काढला की पिल्लांची संख्या कळते. चिंगीची सहा होती.

शेवटच्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ ताप मोजायचा. एरवी १०१ ते १०२ फॅरनहाइट असतो, तो ९९ च्या खाली गेला की साधारण २४ तासांत ती विते. अर्धा तास जोरानं कळा देऊनही पिल्लू आलं नाही, पहिल्या पिल्लाआधीच हिरवा स्राव आला, किंवा आत पिल्लं असताना दोन तास काहीच झालं नाही, तर घरी वाट बघू नका. तडक दवाखाना गाठा, रात्र असली तरी.

१४ नोव्हेंबरच्या संध्याकाळी काकूंचा फोन आला, "अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा." एकसष्टावा दिवस होता. पहाटे मी पोचले तेव्हा जुन्या सुती साड्या अंथरलेल्या खोक्यात चिंगी धापा टाकत होती. शेराचा मालक थर्मासमधून चहा ओतत होता. दाराशी तो मुलगा बसला होता, सप्टेंबरात बादली घेऊन धावणारा. मी त्याला काम दिलं, प्रत्येक पिल्लाची वेळ लिहायची. त्यानं वहीचं पान फाडून घेतलं. ५:१०. ५:३५. तिसरं जरा अडलं, ६:२०. ओल्या टॉवेलमधून त्याची पाठ पुसताना कानामागचा तांबडा पट्टा दिसला. दुपारी जाताना मी तो कागद बघितला. सहाही वेळा नीट लिहिल्या होत्या, आणि ६:२० च्या पुढं पेन्सिलीनं एकच शब्द होता, 'शेरासारखा'.